हिर्डोशीच्या पठारावरची उपासना

वय झालं की माणूस निवतो म्हणतात. मी निवलेले नाही, आणि या एका बाबतीत निवायची माझी इच्छाही नाही. घरातली मंडळी म्हणतात, जाऊ द्या आता, किती वर्षं झाली, ती माणसंही राहिली नाहीत. माणसं राहिली नाहीत हे खरं आहे. त्यांच्याविषयी सगळे चांगलंच बोलतात, म्हणून तर मला लिहायला बसावं लागलं.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे भोरात आमची एकेश्वरी उपासना करणारी दहा-बारा घरं होती. वकील, शिक्षक, कचेरीतले अंमलदार, एक डॉक्टर. रविवारी सकाळी आमच्या माडीवर उपासना व्हायची. मूर्ती नाही, नैवेद्य नाही, सोवळं नाही. सतरंजी, पेटी, चार पदं आणि माझ्या वडिलांचं प्रवचन. बायका पुरुषांच्याच सतरंजीवर बसायच्या, आणि नुसत्या बसायच्या नाहीत, प्रार्थनाही म्हणायच्या. गावात आम्हाला बाटगे म्हणत. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाला भटजी मिळाला नाही, तेव्हा वडिलांनी स्वतः मराठीत लग्न लावलं आणि निम्मं गाव खिडक्या लावून बसलं. हे सगळं आम्ही सोसलं होतं. खोटं नव्हतं ते. पण सोसल्याचा अभिमान असा काही अंगात भिनला होता की आपलं कधी चुकू शकतं हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

मी तेव्हा तेवीस वर्षांची, मुलींच्या शाळेत शिकवायची, लग्न झालेलं नव्हतं. उपासनेत पेटी वाजवायचं काम माझं. शेवटी सगळे उभे राहायचे आणि वडील तीन शब्द उच्चारायचे: प्रेम, न्याय, करुणा. प्रत्येक शब्दानंतर थोडा वेळ शांतता. त्या शांततेत अंगावर काटा यायचा, अजूनही आठवलं की येतो.

प्रवचनानंतर कुणालाही उठून आपल्या शब्दांत प्रार्थना करता यायची. नियम एकच. प्रार्थनेत कुणा माणसाचा उल्लेख करायचा नाही, घडलेल्या गोष्टीचाही नाही. कुणाचं मन दुखू नये म्हणून वडिलांनीच तो घातला होता. मला तो फार सुंदर नियम वाटायचा.

वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, वनोपासना असायची. सृष्टी हेच देवालय, म्हणून डोंगरावर जायचं, दिवसभर तिथे पदं म्हणायची, प्रवचन ऐकायचं, बरोबर नेलेलं खायचं आणि संध्याकाळी उतरायचं. त्या वर्षी हिर्डोशीच्या वरचं पठार ठरलं. वरंध्याच्या वाटेवरचं गाव, भाताची खाचरं, चढणीवर नाचणी. गाड्या गावापर्यंत जात, पुढे तासाभराची खडी चढण. आदल्या वर्षी पेटी नेली नव्हती, आणि मीच वर्षभर कुरकुर केली होती की पेटीशिवाय उपासना कोरडी होते. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईंनी स्वतःचं तेवढं झाकलं.

आमच्यातले एक अंमलदार होते. बोलायला गोड, प्रार्थनेत डोळे पाणावणारे. ते म्हणाले, "पेटीची काळजी करू नका. माणसं येतील."

येतील म्हणजे कुठून येतील, कशी येतील, हे एकानेही विचारलं नाही. वेठ वाईट हे आम्हाला ठाऊक होतं बरं का. वडिलांनी तिच्याविरुद्ध भर सभेत व्याख्यान दिलं होतं, आणि संस्थानात राहून असं बोलायला छाती लागायची. पण आमच्या डोळ्यांपुढची वेठ म्हणजे हातात चाबूक घेतलेला शिपाई आणि पुढे पाठीला ओझं बांधलेली माणसं. अंमलदारांनी पाटलाला पाठवलेली दोन ओळींची चिठ्ठी ही आमच्या लेखी वेठ नव्हती. ती सोय होती.

आदल्या दिवशी बैलगाड्यांनी आम्ही हिर्डोशीत पोचलो आणि शाळेत मुक्काम केला. सकाळी आठ माणसं अंगणात उभी होती. सतरंज्या, पाण्याचे हंडे, फराळाच्या टोपल्या, एका वृद्ध सभासदांसाठी खुर्ची आणि माझी पेटी. पेटी ज्याच्या डोक्यावर दिली तो चाळिशीचा, काटक माणूस होता. मी सबंध चढण त्याच्या मागे चालले आणि सबंध चढण एकच वाक्य बोलत राहिले, "सांभाळून हं, भाता फाटेल." त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

आभाळ भरून आलं होतं. आम्ही खूश, कारण ऊन लागत नव्हतं.

पठारावर सतरंज्या अंथरल्या. ती आठ माणसं जरा लांब, झाडाखाली बसली. वडिलांनी ते पाहिलं आणि ते स्वतः उठून त्यांच्याकडे गेले. म्हणाले, "बंधूंनो, इकडे या. इथे कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही. आमच्याबरोबर बसा." त्यांना आणून त्यांनी सगळ्यांत पुढे बसवलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी पहिलं पद जरा वरच्या पट्टीत धरलं.

पेटीवाला माणूस माझ्या समोरच होता. तो सारखा वर बघायचा. मान खाली करायचा, पुन्हा वर बघायचा. वडिलांच्याही ते लक्षात आलं. प्रवचनात ते म्हणाले, "हा आपला निरक्षर बंधू पाहा. याला मूर्ती लागत नाही, ग्रंथ लागत नाही. तो नुसता आकाशाकडे पाहतो आणि त्याला ईश्वर भेटतो. आपण याच्यापासून शिकलं पाहिजे." सगळ्यांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. तो बावरला. मग हात जोडून उठला आणि अंमलदारांना म्हणाला, "सायेब, आमी जाऊ का आता?"

"अजून शेवटचं पद राहिलंय," अंमलदार हसून म्हणाले. "बसा, बसा."

तो बसला. मी शेजारच्या बाईंच्या कानात कुजबुजले की गरिबांना प्रार्थनेला घटकाभर स्थिर बसवत नाही, आपणच शिकवायला हवं. हे वाक्य मी बोलले आहे. माझ्याच तोंडून गेलं ते.

शेवटच्या पदानंतर फराळ झाला. आम्ही आधी त्या आठ जणांना वाढलं, आणि वाढताना आमच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग वडिलांनी चर्चा घेतली, विषय होता मनुष्यमात्राविषयीचं प्रेम. ती चालू असतानाच पाऊस आला. कार्तिकातला अवकाळी पाऊस, टपोरा आणि चांगला दोन तास. आम्ही एका कपारीत शिरलो आणि दाटीवाटीने उभं राहून पदं म्हटली. ते आठ जण मात्र कपारीत आले नाहीत. कड्याच्या टोकाला जाऊन भिजत खाली दरीत बघत उभे राहिले. मला वाटलं, यांनाही सृष्टीशोभा दिसते आहे.

संध्याकाळी उतरलो. वडिलांनी आठही जणांना हात जोडून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी आम्ही भोरात परतलो, आणि पुढच्या रविवारी त्या दिवसाचं वर्णन उपासनेत वाचून दाखवण्यात आलं. आकाशाकडे पाहणारा बंधू त्यात होताच.

आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई येत. माहेर हिर्डोशीचं, दिलं भोरात. त्या चार दिवस माहेरी जाऊन आल्या, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्यांना सांगायला गेले की तुमच्या गावची माणसं किती भाविक. त्या पितळेचा हंडा घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "पेटी न्हेली न्हवं तुमची, त्यो माजा भाव."

"अगबाई, हो का? फार भला माणूस. सारखा आकाशाकडे बघत होता."

"बघंल न्हाई तर काय करंल? भात कापून खाचरात पडलं हुतं."

मला त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी हंडा पालथा घातला आणि मला समजावून सांगितलं, मी शाळेत पोरींना सांगते तसं. "आमच्यात पैरा असतो बाई. आज समद्यांनी माज्यात राबायचं, उद्या म्या तुज्यात. येकट्यादुकट्याचं काम न्हाई भात म्हंजी. त्या दिशी माज्या भावाची पाळी हुती. आभाळ आलं म्हून समदी उजाडायच्या आदी येनार हुती, भारं बांधून आत घ्यायला. तर चावडीवरनं सांगावा आला. आनि जी आठ न्हेली ना, ती त्याच्याच पैऱ्याची. त्यो धरून आठ."

"मग त्यांनी सांगितलं का नाही?"

"सांगितलं की पाटलाला. पाटील म्हनला, सायबाचा देव हाय, न्हाई म्हनलास तर पाठ सोलून काडतील. तुमाला सांगनार हुता, पन तुमी त्याला पुडं बशिवलं म्हनं, गानं म्हनायला."

"आणि भात?"

"वैनीनं येकलीनं ओडलं तेवडं ओडलं. बाकीचं पान्यात. चवथ्या दिशी मोड आलं." त्यांनी हंडा धुतला. "वरीसभराचं हुतं. आता नाचनी हाय थोडी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या आगीतली निम्मी माझ्या स्वतःवर होती, आणि स्वतःवरचा राग काढायला जागा सापडत नाही. मी तशीच वर गेले. वडील लिहीत होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली, डोळे मिटून घेतले, आणि पापण्यांतून पाणी आलं. खरं पाणी. माझे वडील ढोंगी नव्हते. ढोंगी असते तर सोपं होतं, एकदा तोंडावर बोलून मोकळी झाले असते.

त्या रविवारी प्रवचन झाल्यावर मी पेटीमागून उठले आणि सगळं बोलले. हिर्डोशी म्हटलं, पैरा म्हटलं, पेटी म्हटलं. अंमलदार चार हातांवर बसले होते, त्यांच्याकडे बघून चिठ्ठी म्हटलं. माडीवर एकदम चुळबुळ सुरू झाली. वडील हळूच म्हणाले, "व्यक्तीचा उल्लेख नको. आपला नियम आहे."

"अण्णा, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा उल्लेख न करता न्याय हा शब्द तोंडातून काढायचा कसा?" मी विचारलं.  मी दोनच गोष्टी मागितल्या. अंमलदारांनी पाटलाला लिहून कळवावं की यापुढे हिर्डोशीतून माणूस बोलावला जाणार नाही, उपासनेसाठी नाही आणि कशासाठीच नाही. आणि आपल्यातल्या धडधाकट माणसांनी जाऊन गावातलं राहिलेलं भात झोडायला हात लावावेत.

अंमलदार रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्या भावना उदात्त आहेत. पण मी एकट्याने चिठ्ठी बंद केली तर व्यवस्था थोडीच बदलणार आहे? आणि माणसं मी नेली कुठे? देवाच्या कामालाच ना?" डॉक्टर म्हणाले की उपासना ही काही कचेरी नव्हे, इथे तक्रारी आणू नयेत. भात झोडण्याविषयी कुणी बोललंच नाही. मला वाटतं, ते मी गमतीने म्हणाले असं सगळ्यांनी धरलं.

मग वडिलांनी तोडगा काढला. त्या अज्ञात बंधूसाठी सर्वांनी उभं राहून मूक प्रार्थना करावी, आणि प्रत्येक घराने त्याच्यासाठी तांदूळ द्यावेत. अज्ञात! त्याची बहीण त्या वेळी खाली आमच्याच मोरीवर भांडी घासत होती. जिना उतरून विचारलं असतं तर नाव, गाव, घरातली माणसं, सगळं कळलं असतं.

सगळे उभे राहिले. मी पण राहिले. आणि खरं सांगते, दोन दिवसांत घराघरांतून तांदूळ यायला लागले, आंबेमोहराचा वास ओसरीभर पसरला, तेव्हा मी विरघळले. काही नाही त्यापेक्षा हे बरं, असं माझ्या मनाने घेतलं. मीच तांदूळ पाखडले, मीच पोत्यात भरले, मीच दाभण घेऊन तोंड शिवलं. चांगलं अर्धं पोतं झालं. वडील आत-बाहेर करताना पोत्याकडे बघायचे आणि त्यांचा चेहरा हलका व्हायचा. पोचवायचं कसं, हा प्रश्न निघाला तेव्हा अंमलदार म्हणाले, "ती व्यवस्था माझ्याकडे."

आणि मी, महिन्याभरापूर्वी त्याच माणसाच्या तोंडून "माणसं येतील" ऐकलेली मी, बरं म्हणाले.

गुरुवारी सकाळी मी शाळेत निघाले होते. अंगणात कुणीतरी उभं होतं. पाहते तर तो, माझी पेटी नेलेला. अंगावर कांबळं, पायात काही नाही, धुळीने पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. अंमलदारांच्या घरी हिर्डोशीकडून काही सामान यायचं होतं, ते तो रात्रभर चालून डोक्यावर घेऊन आला होता. माणूस रिकामा परत कशाला पाठवायचा, म्हणून त्यांनी त्याला आमच्याकडे धाडला होता. व्यवस्था ती हीच.

"हितनं काय न्ह्यायचं हाय म्हनं," तो म्हणाला. त्याने मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही.

मी पोत्याकडे बोट केलं. 

"कुठं द्याचं? चावडीवर?"

"तुमच्या घरी," मी म्हणाले. "ते तुमचंच आहे. तुमचं भात गेलं ना, म्हणून सगळ्यांनी मिळून तांदूळ दिलेत."

तो पोत्याकडे बघत राहिला. मला वाटलं, त्याला आनंद होईल. इतकं झाल्यावरही मला तसं वाटलं, यावर मला आज विश्वास बसत नाही.

"तुम्हालाच कसं बोलावलं पण?" मी विचारलं.

"पाटील म्हनला, तुजं भात तर गेलं. तुला झोडायचं न्हाई, बांदायचं न्हाई. तू मोकळाच हायस." त्याने पायाने पोत्याचा अंदाज घेतला. "पन मोकळा कुठला बाई? आज शेजाऱ्याची झोडनी. त्यो माज्यात यायचा हुता, त्याला तुमी डोंगरावर न्हेलं. आज म्या त्याच्यात जायचं, तर मला हितं आनलं. म्या गेलो न्हाई की म्होरल्या साली माज्यात कोन यील?"

एवढंच बोलला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. मला शिवी हवी होती.

"पोतं राहू द्या इथेच," मी म्हणाले. "तुम्ही असेच परत जा. आत्ता निघालात तर दुपारनंतर तरी पोचाल. साहेबांना मी बघून घेते."

तो पहिल्यांदाच हसला. "तुमी बोलाल. तुमी घरच्या. फटकं मला बसत्याल."

"माझे वडील वर आहेत. ते चिठ्ठी देतील तुम्हाला."

"चिट्टीनंच तर आनलंय मला," तो म्हणाला.

वरून वडिलांचा आवाज येत होता. रविवारचं प्रवचन ते आधी मोठ्याने म्हणून बघत. एक वाक्य अडलं की ते पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे. मी जिन्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. हाक मारली असती तर ते धावत खाली आले असते, त्याला नमस्कार केला असता, त्यांचे डोळे भरून आले असते, आणि पोत्याचा प्रश्न तिथेच राहिला असता.

"मग मी काय करू?" मी त्याला विचारलं. सोळा-सतरा मैलांची वाट पुढे असलेल्या, उन्हात उभ्या माणसाला मी विचारत होते, मी काय करू.

त्याने खांद्यावरचं फडकं काढलं, त्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवली आणि तो पोत्यापाशी वाकला.

"हात लावा," तो म्हणाला. "येकट्याला डोक्यावर घेता येत न्हाई."

मी पुस्तकं पायरीवर ठेवली. पदर खोचला. एका बाजूने त्याने धरलं, दुसऱ्या बाजूने मी, आणि जोर लावून ते पोतं मी माझ्या हातांनी त्याच्या डोक्यावर चढवलं. नीट बसलं का, असंही विचारलं. बसलं म्हणाला, आणि चालायला लागला.